सोलां (आमसुलं) झकास, मध मात्र मिळाला नाही (४ स्टार)

गोव्यातून बेळगावला जाताना केरी गाव सोडलं की चोर्ला घाट चढायच्या आधी एक पत्र्याची शेड लागते, गावातल्या बायकांचा बचत गट चालवतो, बोर्डावरचं नाव पावसात पुसलंय त्यामुळे मॅपवर शोधत बसू नका, कुंपणावर सुपं आणि बांबूच्या टोपल्या टांगलेल्या दिसल्या की ब्रेक मारायचा. आम्ही मे महिन्यात पुरुमेंताच्या (पावसाळ्याच्या बेगमीच्या) खरेदीसाठी गेलेलो.

सोलां एक नंबर. मांसल, काळपट, मुठीत दाबली की एकमेकांना चिकटणारी. साल सुकवायची, भिरंडाच्याच (कोकमाच्या फळाच्याच) रसात बुडवायची, परत उन्हात टाकायची, असं पाच-सहा वेळा करतात म्हणे. घरी हुमणात (माशाच्या आमटीत) दोन टाकली तर आंबट झालं, एरवी चार लागतात. म्हापशाच्या बाजारापेक्षा पाव किलोला ४० रुपये जास्त घेतले, पण हिशोब केला तर स्वस्तच.

मध हवा होता, तो नाही. फेब्रुवारीपासून वाट बघतोय म्हटल्यावर गटातल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "अख्खं पोळं पिळलं तर पुढच्या वर्षी मध घालायला कोण येणार, तू?" ढोलीतल्या सातेरी माशांचं पोळं, त्यातला मधाचा भाग तेवढा कापतात, पिल्लांचा तसाच ठेवतात. (माशी सातेरी आणि गावची देवीही सातेरी, आपल्याकडे हे असंच.) भिरंडांचंही तेच, खाली पडलेली वेचायची, शेंड्यावरची माकडांची. मध्ये कोणी व्यापारी एकदम २०० किलो मागत होता, फांद्या तोडल्याशिवाय एवढा माल निघत नाही म्हणून नाही सांगितलं. आणि ह्यांना पैसे नको आहेत असं नाही हां, जूनमधली पोरांची वह्या-पुस्तकं ह्याच पैशातून येतात.

बोलता बोलता वाघाचा विषय निघाला. इथलं म्हादई अभयारण्य १९९९ चं, २०२३ च्या जुलैत हायकोर्टाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हापासून गावात दोन तट. मावशी म्हणतात वाघ्रो आमचा देवच आहे, तो राहूदे, पण भिरंडं वेचायला आम्हाला आत सोडणार का ते आधी लिहून द्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात मध, बांबू असलं गोळा करून विकायचा हक्क आहे, पण ह्यांच्या दाव्याचा कागद काय अजून हातात आलेला नाही. मला ह्यात बायकांचं म्हणणं पटतं. जंगल राखलंय ते शेवटी त्यांनीच.

एक स्टार कापला तो पॅकिंगसाठी. आगळ (भिरंडाचा खारवलेला रस) जुन्या दारूच्या बाटल्यांत भरून देतात, लेबल नाही तारीख नाही, आणि आमची एक बाटली घाटाच्या वळणावर लवंडली, मागच्या सीटवर लाल डाग अजून आहे, बायको रोज दाखवते. रेंज नाही म्हणून जीपे चालत नाही, कॅश न्या. टाचांसाठी भिरंडेलाचा (भिरंडाच्या बियांच्या तेलाचा) गोळा नक्की घ्या. आणि आगळाची बाटली पायाशी उभी धरून बसा.