'सेन्सर गेलाय' सांगून पैसे काढतात, रॉ व्हिडिओ शूट करणाऱ्यांनी नक्की वाचा

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण जुना कॅनन घेऊन मॅजिक लँटर्नवर रॉ शूट करणारे जे कोणी असतील त्यांनी पूर्ण वाचा. आमचे पैसे गेले ते गेले, पण तो माणूस अजून जोरात धंदा करतोय म्हणून लिहितोय.

मिरजेत सतार-तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांवर आम्ही काही मित्र मिळून एक छोटी डॉक्युमेंटरी करतोय. बजेट म्हणजे ज्याच्या त्याच्या खिशातलं. कॅमेरा सेकंडहँड कॅनन ७००डी, त्यावर मॅजिक लँटर्न टाकलेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे मेमरी कार्डवरून चालणारं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, २०१३ मध्ये त्यातून कॅननच्या साध्या डीएसएलआरवर १४ बिट रॉ, म्हणजे सेन्सरवरून येणारा कच्चा व्हिडिओ निघायला लागला आणि आमच्यासारख्या कडक्या लोकांचं भलं झालं. फक्त फाइली राक्षसी. फुल एचडी, २५ फ्रेम, कॉम्प्रेस न करता धरलं तर मिनिटाला जवळजवळ ५.४ जीबी. लॉसलेस लावलं तरी निम्म्याच्या आसपास जातंच. आणि मॅजिक लँटर्नची ही रॉ फाइल, एमएलव्ही, नेहमीच्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये थेट उघडत नाही, आधी प्रोसेस करावी लागते.

तर फुटेज उघडलं आणि फ्रेमच्या मधल्या भागात सगळीकडे बारीक ठिपके. वर्कशॉपात उजेड कमी, त्यामुळे भोपळ्याच्या काळपट सालीवर तर अजूनच उठून दिसत होते. फेस्टिव्हलला पाठवायची तारीख तोंडावर, एडिट करणारी मैत्रीण तेव्हा गावाला गेलेली, मग ओळखीतून पुण्यातल्या एका स्टुडिओवाल्याचा नंबर मिळाला. 'रॉ फुटेज एका रात्रीत, डेड पिक्सेल रिमूव्हल स्पेशालिस्ट' अशी त्याची जाहिरात. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे.

साहेबांनी आधी कॅमेरा हातात घेतला, एक क्लिप बघितली आणि डॉक्टरसारखा चेहरा करून म्हणाले, "दादा, सेन्सर गेलाय तुमचा. हजारो पिक्सेल मेलेत. बदलायचा तर सोळा हजार, नाहीतर प्रत्येक शूटला हेच होणार." आम्ही म्हटलं अहो फोटो तर एकदम स्वच्छ येतात, तर म्हणे फोटोत कळत नाही, व्हिडिओत कळतं. सेन्सरचं राहू दे म्हटल्यावर दुसरी ऑफर तयारच होती, फुटेज साफ करून प्रोरेझमध्ये (एडिटिंगसाठीचा भारी व्हिडिओ फॉरमॅट) देतो, मिनिटाला १२० रुपये, आमचं स्वतः डेव्हलप केलेलं सॉफ्टवेअर आहे, मोठ्या ग्राफिक्स कार्डांवर चालतं म्हणून रेट जास्त. निम्मे पैसे आधी. बिल मागितलं तर "जीएसटी लागेल मग, कशाला".

दुसऱ्या दिवशी खरंच डिस्क हातात. लॅपटॉपच्या स्क्रीनवर ठिपके दिसत नव्हते, उरलेले पैसे तिथल्या तिथे घेतले त्याने. वर जाता जाता म्हणतो, त्या एमएलव्ही उडवून टाका आता, उगाच जागा खातात. हे वाक्य लक्षात ठेवा.

मैत्रीण परत आली, तिने मोठ्या मॉनिटरवर कलर करायला घेतलं आणि पहिल्या पाच मिनिटांत म्हणाली हे रॉमधून आलेलं नाहीये. अंधाऱ्या भागात पट्टे पट्टे. सावली जरा उचलली की चौकोनी ठोकळे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कारागीर जवारी काढतानाचा, म्हणजे सूर खुलावा म्हणून घोडी घासतानाचा क्लोजअप, घोडीवरून जाणाऱ्या तारा जागोजागी तुटलेल्या! जिथे जिथे ठिपका होता तिथे आजूबाजूचं फासून टाकलेलं, मग तार काय आणि ठिपका काय, सगळंच पुसलं गेलं.

गंमत अशी की मीडियाइन्फोमध्ये (फाइलची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) फाइल टाकली तर कोडेक प्रोरेझच दाखवतो. पण आत काय भरलंय ते कुठे सांगतो तो? स्टुडिओवाल्याने बहुतेक पटकन व्हावं म्हणून आधी ८ बिट एच.२६४ (नेहमीचा दाबून लहान केलेला व्हिडिओ) काढलं, त्यावर ब्लर मारला आणि मग त्यालाच प्रोरेझचं पाकीट चढवलं. १४ बिट म्हणजे प्रत्येक पिक्सेलला १६,३८४ पायऱ्या, ८ बिटला फक्त २५६. एकदा गेलेल्या पायऱ्या नंतर फाइल कितीही जड केली तरी परत येत नाहीत. तुम्हाला तपासायचं असेल तर दाविंची रिझॉल्व्ह या कलर-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा कॉन्ट्रास्ट ताणा आणि स्कोप (उजेडाचा आलेख) बघा. कंगव्याच्या दातांसारख्या मोकळ्या फटी दिसल्या तर संशय घ्या.

नशीब की मूळ एमएलव्हीची कॉपी दुसऱ्या डिस्कवर होती. तिने एमएलव्ही अॅप डाउनलोड केलं (हे पण फुकट, ओपन सोर्स, विंडोज मॅक लिनक्स सगळ्यावर चालतं), क्लिप टाकली, अॅपनेच विचारलं की या कॅमेऱ्याचा फोकस पिक्सेल मॅप (ते ठिपके कुठे आहेत त्याची यादी) नाहीये, उतरवू का, हो म्हटलं आणि ठिपके गायब. तारा शाबूत. आम्ही बघतच राहिलो.

म्हणजे सेन्सर मेला वगैरे काही नव्हतंच. ६५०डी, ७००डी, १००डी, ईओएस एम या कॅमेऱ्यांत ऑटोफोकससाठी काही पिक्सेल सेन्सरवरच बसवलेले असतात, ते बाकीच्यांसारखा प्रकाश मोजत नाहीत. जेपीजी किंवा साध्या व्हिडिओत कॅमेरा स्वतःच ते झाकून घेतो, मॅजिक लँटर्नच्या रॉ व्हिडिओत मात्र जसं आहे तसं बाहेर येतं. ५डी मार्क थ्रीमध्ये ही भानगडच नाही कारण त्यात असे पिक्सेल नाहीत. ओळखायचं कसं, तर फोकस पिक्सेल ठरावीक नक्षीत, रांगेत असतात. खरे हॉट पिक्सेल (खराब होऊन विनाकारण उजळणारे) इकडे तिकडे विखुरलेले असतात आणि कॅमेरा तापला की वाढतात. लेन्सला झाकण लावून थोडं रेकॉर्ड करा, कळेल.

आणि ही दुरुस्ती रंग बनायच्या आधीच करावी लागते, हे त्या 'स्पेशालिस्ट'ला माहीत नव्हतं की माहीत असून केलं नाही देव जाणे. रॉमध्ये प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यातला एकच रंग मोजतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांवरून काढले जातात, त्याला डिबेअर म्हणतात. तेव्हा एक खराब पिक्सेल डिबेअर झाला की आजूबाजूला पसरतो, त्यावर कॉम्प्रेशन झालं की डागच, मग ब्लरशिवाय इलाज उरत नाही. आधीच केलं तर फक्त त्या एका जागी शेजारच्या त्याच रंगाच्या पिक्सेलवरून किंमत भरायची असते.

मोठ्या ग्राफिक्स कार्डांची थाप पण ऐकून घेऊ नका, एमएलव्ही अॅपचं काम मुख्यतः प्रोसेसरवर चालतं. घाई असेल तर बघताना बायलिनिअर डिबेअर (झटपट पद्धत) ठेवा, एक्सपोर्टला अमेझ (हळू पण नीट पद्धत) लावा, सगळ्या क्लिप एकदम रांगेत टाका आणि झोपा. नाहीतर सरळ सिनेमा डीएनजी (प्रत्येक फ्रेमची वेगळी रॉ फाइल) काढून रिझॉल्व्हमध्ये न्या, पण ठिपक्यांची दुरुस्ती चालू आहे ना ते बघून. मॅजिक लँटर्नच्या क्रॉपरेक मोडमध्ये शूट केलं असेल तर फोकस डॉट्सला क्रॉपरेकचा वेगळा पर्याय आहे, तो चुकला तर ठिपके तसेच राहतात आणि परत वाटतं सेन्सर गेला.

कोणाला काम द्यायचंच असेल तर आधी अंधारातल्या, बारीक रेषा असलेल्या एका शॉटची ट्रायल मागा. सिनेमा डीएनजी पण मागा, आणि ओरिजिनल उडवायला सांगणाऱ्याकडे तर जाऊच नका. आता कळतंय तो तसं का म्हणाला, मूळ फाइलच नसती तर आम्ही काय दाखवणार होतो?

त्याला फोन केला तर म्हणे प्रोरेझ मागितलं, प्रोरेझ दिलं. त्याच्या 'स्वतःच्या सॉफ्टवेअर'चा त्याने आधी पाठवलेला फोटो नीट बघितला तर वरची नावाची पट्टी कापलेलं एमएलव्ही अॅपच निघालं. फुकटचं वापरून कामाचे पैसे घ्यायला कोणाची ना नाही, पण काम तरी करा ना. ते विचारल्यावर ब्लॉक. आम्ही ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली आहे, बिल नाही पण यूपीआयची नोंद आणि चॅट आहेत, आणि दोन्ही फाइलींच्या फ्रेम शेजारी शेजारी लावून जोडल्यात. अजून पैसे आलेले नाहीत. दरम्यान एका मित्राच्या फोनवर त्याचं स्टेटस दिसलं, आमचाच जवारीचा शॉट बिफोर-आफ्टर म्हणून लावलाय, इतका बारीक करून की तारा दिसूच नयेत.