भाच्याला दुकानासाठी पैसे: कर्ज-ए-हसना की मुदारबा?

भाच्याला किराणा दुकान टाकण्यासाठी दोन लाख रुपये हवे आहेत, मामाला व्याज घ्यायचे नाही आणि मदत करण्याची इच्छा मनापासून आहे. अशा वेळी इस्लामी व्यवहारशास्त्रात कर्ज-ए-हसना म्हणजे बिनव्याजी कर्ज आणि मुदारबा म्हणजे नफ्यातली भागीदारी, या दोन वाटा आहेत आणि नुकसान कोणी सोसायचे, हा त्यांतला खरा फरक आहे.

कर्ज-ए-हसनात दोन लाख दिले, तर दोन लाखच परत घ्यायचे. त्यावर ठरवून घेतलेला कोणताही लाभ, अगदी माल स्वस्तात देण्याची अटसुद्धा, व्याजात मोडते. दुकान बुडाले तरी फेड भाच्याकडेच राहते. मात्र तो अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि रक्कम सोडून दिली तर ते अधिक चांगले, असे कुरआनच्या दुसऱ्या सूरेतील (अध्यायातील) 280व्या आयतीत (वचनात) सांगितले आहे.

मुदारबात भांडवल एकाचे आणि कष्ट दुसऱ्याचे असतात. मक्केतील व्यापारी स्त्री हजरत खदीजा यांचा माल घेऊन मुहंमद पैगंबर व्यापारासाठी सीरियाकडे गेले, तो व्यवहार याच धर्तीचा मानला जातो. यात नफ्याचे प्रमाण आधी ठरते, रक्कम नव्हे. मामाचे 40 आणि भाच्याचे 60 टक्के ठरले आणि वर्षाचा नफा 1,50,000 रुपये झाला, तर मामाला 60,000 मिळतील. उलट 50,000 रुपयांचा तोटा झाला, तर तो सगळा मामाच्या भांडवलातून जाईल आणि भाच्याचे वर्षभराचे कष्ट वाया जातील. त्याने हलगर्जी केली असेल किंवा करार मोडला असेल, तरच भरपाई त्याच्याकडे येते. ‘दरमहा पाच हजार दे, बाकीचे तुझे’ असे ठरवणारे पुष्कळ जण भेटतात. त्यांना ती भागीदारी वाटते, पण ते व्याजच आहे.

आजारपण किंवा शाळेची फी असेल, तर नफ्याचा प्रश्नच नसतो, म्हणून कर्जच योग्य. दुकानासाठी मात्र मला मुदारबा उजवा वाटतो, कारण पहिल्या वर्षी मंदी आली तर नवख्या दुकानदाराच्या डोक्यावर कर्जाचा बोजा उरत नाही. त्यासाठी रोजची विक्री, खरेदी आणि उधारी वहीत चढली पाहिजे आणि ती वही मामाला पाहता आली पाहिजे. दोन लाख गेले तर नाते तुटेल, असे ज्याला वाटते, त्याने कर्जच द्यावे.

अर्धी रक्कम कर्ज आणि अर्धी भांडवल म्हणून द्यायची असेल, तर करार वेगळे करावेत आणि एकासाठी दुसऱ्याची अट घालू नये. घरातल्या माणसांत कागद कशाला, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. पण त्याच सूरेतील 282वी आयत, जी कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, मुदतीचे देणे साक्षीदारांसमोर लिहून ठेवायला सांगते.