पाण्यावरचे हायकू: आधी बाशो, बुसोन की इस्सा?

जपानी हायकू वाचायला कुणापासून सुरुवात करावी, असं विचारलं की बहुतेक जण बाशोचा बेडूक पुढे करतात. जुनं तळं, बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. 1686 मधला हा हायकू थोर आहेच, पण त्यावर भाष्यांचे इतके थर चढलेत की नवख्याला पाण्याआधी तत्त्वज्ञानच ऐकू येतं. त्यापेक्षा बाशो, बुसोन आणि इस्सा या तीन जुन्या जपानी हायकूकारांचं दुसरं पाणी पाहावं.

बाशो आणि बुसोन यांचा तर सरळ सामना लावता येतो. दोघांनीही पावसाळ्यातल्या भरल्या नदीवर लिहिलंय. 1689 मध्ये उत्तरेकडच्या प्रवासात बाशो मोगामी नदीकाठी ओइशिदाला थांबला होता. तिथल्या बैठकीत त्यानं जे रचलं त्यात नदी पावसाची झड गोळा करून गारवा देत होती. यजमानाच्या घरात बसलेल्या पाहुण्याला शोभेलशीच ओळ. पुढे त्याच नदीतून तो नावेनं खाली गेला. मोगामी जपानच्या तीन सर्वांत वेगवान नद्यांत मोजतात, त्यात पाणी चढलेलं. प्रवासवर्णनात तो हायकू आला तेव्हा गारवा गायब होता:

पावसाची झड
सगळी गोळा करून
सुसाट मोगामी

बाकी रचना तीच. काठावरचा माणूस तेवढा नावेत बसला.

बुसोन (1716–1784) चित्रकारही होता. त्याची नदी अशी:

पावसाची झड
समोर थोरली नदी
दोन घरं

पाणी कुठवर आलंय, घरात कोण आहे, काही सांगत नाही. एक घर काढून पाहा, एकटेपणाची नेहमीची कविता उरते. एक वाढवा, वस्ती होते आणि भीती पातळ होते. दोनच हवीत. पुढच्या काळातला हायकूकार आणि समीक्षक मासाओका शिकी (1867–1902) यानं याच दोन हायकूंची तुलना करून बुसोनच्या बाजूनं कौल दिला होता. बाशोचं ते 'गोळा करून' त्याला फार कसबी वाटलं. हे मात्र मला पटत नाही. खोरंभर पडलेला पाऊस नदी गोळाच तर करते! बुसोनबद्दल तक्रार करायची तर अशी, की तो स्वतः कधी भिजत नाही. दिवसभर संथ हेलकावणाऱ्या वसंतातल्या समुद्रावरचा त्याचा हायकू सुरेख आहे, पण कुणाला अलिप्तही वाटेल.

अलिप्तपणा नकोच असेल तर इस्सा (1763–1828). त्याचं पाणी थेंबाएवढं. 1819 मध्ये त्याची तान्ही मुलगी देवीच्या रोगानं दगावली, तेव्हाचा हा:

दवाचं जग
दवाचंच जग आहे
तरी पण, तरी

सगळं दवासारखं क्षणभंगुर आहे, ही बौद्ध शिकवण त्याला पाठ होती. तिसऱ्या ओळीत ते पाठांतर अडखळतं आणि कविता तिथे होते. अडचण एवढीच, की इस्साच्या आयुष्याची कहाणी इतकी करुण आहे की पुष्कळदा आपण हायकू न वाचता कहाणीच वाचतो. शिवाय त्याच्या रचना 20,000 हून जास्त. बाशोच्या सुमारे 1,000 आणि बुसोनच्या साधारण 3,000. म्हणजे इस्सा घ्यायचा तर कुणीतरी नीट निवडलेलाच घ्यावा, समग्राच्या नादी लागू नये.

हायकूच्या तीन भागांचा 5-7-5 चा हिशेब अनुवाद निवडताना बाजूला ठेवा. तो जपानी ध्वनिमात्रांचा आहे. वरचे अनुवाद माझेच आहेत आणि मीही तो पाळलेला नाही.

माझं मत बुसोनला. विशेषतः शिरीष पै यांच्या मराठी हायकूंवरून इकडे वळला असाल आणि स्वतः लिहायचंही मनात असेल, तर त्याच्याकडून लगेच काही उचलता येतं: समोरच्या पाण्याशेजारी काय ठेवायचं आणि किती. बाशो त्यानंतर, मोगामीची दोन्ही रूपं शेजारी ठेवून. आणि इस्सा एका बैठकीत चार-पाचच.