काणकोणचं बेट की ग्रँड आयलंड?

गोव्यात राहूनही पाहुण्यांना बेटावर न्यायचं म्हटलं की आमच्याकडे वाद ठरलेला. वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडला बोटीनेच जावं लागतं. स्नॉर्केलिंग, डायव्हिंग करायचं असेल तर तेच निवडा. वेळ मात्र बोटवाल्याच्या हातात, आणि पावसाळ्यात या बोटी बंद.

पाळोळे किनाऱ्याच्या उत्तर टोकाचं काणकोणचं बेट मला जास्त जवळचं. ओहोटीला पाण्यातून चालत जाता येतं. कोकण रेल्वेचं काणकोण स्टेशनही जवळच. पण इथे घड्याळापेक्षा समुद्राचं ऐकायचं. दोन ओहोट्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, म्हणून वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते. काल सकाळी नऊला उतरलात म्हणून आजही नऊलाच जाऊ नका. ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी निघा, पाणी चढू लागताच परता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, भरती भराभर येते. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट अजिबात हलक्यात घेऊ नका.

पाणी, खाणं सोबत घ्या. खडकांवर चपला नको, घट्ट बूट हवेत. आणि कचरा? तो पिशवीत भरून परत आणायचाच.