ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गळती: सील, पॅकिंग आणि ऑइल, आठ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी पंधरा वर्षांपुढची. चार स्पीडची टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक, खाली ऑइल साठणारं पत्र्याचं चेंबर, लेव्हल बघायची डिपस्टिक असलेली, एसपी-३ प्रकारचं गिअरबॉक्स ऑइल मागणारी. गळती बंद करायचं काम मार्चमध्ये झालं, आता नोव्हेंबर आहे. मधल्या काळात अख्खा पावसाळा, अनमोड घाटाच्या फेऱ्या आणि गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीवरची चढ-उतार झाली. ॲक्सलची (चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टची) सीलं आणि ऑइल कूलरचा होज (रबरी पाइप) पूर्ण टिकले. चेंबरचं पॅकिंग दुसऱ्यांदा करावं लागलं. गळती थांबवणाऱ्या औषधाच्या बाटलीवरचे पैसे वाया गेले.

गळती शोधताना सर्वांत मोठा अडथळा आपल्या लाल मातीचा. जुनं ऑइल आणि चिखल मिळून गिअरबॉक्सला असा लेप बसतो की ओल कुठून सुरू झाली ते कळतच नाही. त्यामुळे आधी रॉकेल आणि ब्रशने सगळं बाहेरून घासून काढायचं, पाण्याने धुवायचं, पूर्ण सुकू द्यायचं. ब्रीदरवर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणाऱ्या तोंडावर) आणि वायरच्या कनेक्टरवर प्रेशरचं पाणी मारू नये. सुकलेल्या भागावर टाल्कम पावडर शिंपडून वीसेक किलोमीटर गाडी चालवायची आणि खाली बघायचं. पांढऱ्या पावडरीत गुलाबी रेघ उमटते, ती वर जिथे संपते तिथे दोष. वाऱ्याने ऑइल मागे सरकतं, म्हणून थेंब पडतो ती जागा न धरता सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा धरावी. या गाडीत डाव्या ॲक्सलखाली स्पष्ट रेघ होती, आणि कूलर होजच्या क्लिपखाली मोहरीएवढा लाल थेंब लटकत होता.

पॉवर स्टिअरिंगचं ऑइलही बऱ्याच गाड्यांत लालच असतं, त्याची टाकी आधी बघावी. एसीचं पाणी तर पावसाळ्याच्या दमटपणात भरपूर पडतं. रात्री खाली पुठ्ठा ठेवला की रंग आणि जागा दोन्ही कळतात.

सील मागवण्याआधी दोन फुकटच्या गोष्टी तपासाव्यात: लेव्हल आणि ब्रीदर. ऑइल जास्त भरलं तर आतले गिअर ते घुसळतात, फेस होतो आणि ब्रीदरमधून बाहेर येतो. ब्रीदर चिखलाने बुजला तर आतला दाब चांगल्या सीलमधूनही ऑइल ढकलतो. लेव्हल बघायची रीत कंपनीनुसार वेगळी. या गाडीत सपाट जागेवर, ऑइल ७० ते ८० अंश गरम असताना, इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून मग डिपस्टिक काढतात. होंडाच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये उलट, गाडी गरम करून इंजिन बंद केल्यावर दीडेक मिनिटाच्या आत. एकाची रीत दुसऱ्याला लावली की लेव्हल चुकलीच.

ॲक्सलचं सील स्वस्त, मेहनत जास्त. हबचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा, मग घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवावी. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नये. ॲक्सलचा शाफ्ट धरून ओढला तर आतला सांधा सुटतो. गिअरबॉक्सच्या तोंडाशी पट्टी घालून तो सरळ उचकटायचा. नव्या सीलच्या ओठाला (शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेला) ऑइल लावायचं, स्प्रिंगची बाजू आत, आणि योग्य मापाच्या पाइपने सगळीकडून सारखं ठोकायचं. शाफ्टवर नख फिरवून चर लागतो का ते बघावं. लागला तर सील एखादा मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ नव्या जागेवर आणता येतो. शाफ्ट हलवल्यावर खटखट वाजला तर दोष बेअरिंगचा, नवं सीलही लवकर जाणार. शाफ्टच्या टोकाची सर्कलिप (शाफ्ट अडकवून ठेवणारी कडी) नवीच घालावी.

चेंबरचं पॅकिंग पहिल्या वेळी कॉर्कचं घातलं. जूनमध्ये कोपऱ्यातला बोल्ट ओला दिसू लागला. चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी आत वाकलेली होती, कुणीतरी पूर्वी करकचून आवळलेली. लाकडी ठोकळ्यावर हातोडीने कड सपाट केली, रबरी पॅकिंग लावलं, वर सिलिकॉन अजिबात नाही. बोल्ट मधून बाहेर, आडव्या जोडीने, मॅन्युअलने सांगितलेल्या टॉर्कनेच (आवळायच्या जोरानेच). हे छोटे ६ मिलिमीटरचे बोल्ट जोराने आवळले की ॲल्युमिनियममधले आटे जातात. फेरीबोटीच्या उतारावर चेंबर घासलं होतं, त्याचा पोचाही तेव्हाच सापडला. चेंबर काढलंच आहे तर फिल्टर बदलावा, आतली लोखंडी पूड धरणारे चुंबक पुसावेत. बारीक करडी पूड चालते, चमकणारे तुकडे निघाले तर प्रश्न गळतीपलीकडचा.

कूलरचा होज ट्रान्समिशन (गिअरबॉक्स) ऑइलसाठी बनवलेलाच घ्यावा. रेडिएटरचा साधा पाइप या ऑइलने फुगतो. क्लिपा स्टेनलेसच्या घ्याव्यात, किनाऱ्याजवळच्या खाऱ्या हवेत साध्या क्लिपा गंजतात.

ड्रेन केल्यावर साडेतीन लिटरच्या आसपास निघालं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. जेवढं निघालं तेवढंच मोजून भरायचं. साधारण निम्मं बदलतं असं धरलं तर तीन फेऱ्यांत ८५ टक्क्यांपुढे नवं ऑइल होतं. दोन फेऱ्यांमध्ये शेदोनशे किलोमीटर चालवावं.

बाटलीतलं औषध कामाच्या आधी घातलं होतं. ते रबर फुगवतं. तीनेक आठवडे थेंब थांबला, मग पुन्हा सुरू झाला. झिजलेला ओठ आणि गंजलेली क्लिप त्याने कशी बरी होणार?

ओल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून येत असेल तर खर्च वेगळा. आतलं पंपाचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून इंजिनचं मागचं सीलही तेव्हाच बदलून घ्यावं. कन्व्हर्टर परत बसवताना तो फिरवत पूर्ण आत बसला पाहिजे, नाहीतर बोल्ट आवळताना पंप फुटतो.

आज पुठ्ठा कोरडा आहे, लेव्हल जूनपासून खुणेवर स्थिर आहे. डीमध्ये टाकल्यावर गाडी लगेच ओढते, घाटात दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना इंजिन उगाच भरकटत नाही. उजव्या सीलखाली जानेवारीत पुन्हा पावडर मारून बघणार आहे, तिथल्या शाफ्टला हलकासा चर होता.