कल्डसेप्ट : फाशांइतकाच पत्त्यांच्या निवडीचा खेळ

‘नवा व्यापार’ खेळताना दुसऱ्याच्या जागेवर आपली सोंगटी पडली की भाडे मोजण्यावाचून गत्यंतर नसते. जपानच्या ओमियासॉफ्टने १९९७ साली सेगा सॅटर्नसाठी काढलेल्या ‘कल्डसेप्ट’ या व्हिडिओ गेमने नेमकी हीच सक्ती काढून टाकली, आणि माझ्या मते या संपूर्ण मालिकेचे मोठेपण त्या एका बदलातून आले आहे. येथे प्रतिस्पर्ध्याच्या जमिनीवर पोहोचलेल्या खेळाडूपुढे दोन वाटा असतात : मुकाट्याने पथकर भरावा, किंवा हातातल्या पत्त्यावरचा प्राणी उतरवून त्या जमिनीच्या राखणदाराशी लढावे. राखणदार मारला गेला, तर जमीन आहे त्या पातळीसह आपली होते; हल्ला फसला, तर पथकर द्यावाच लागतो.

खेळाची रीत थोडक्यात सांगता येते. प्रत्येक खेळाडू, ज्याला येथे ‘सेप्टर’ म्हणतात, पन्नास पत्त्यांचे स्वतःचे पुस्तक घेऊन बसतो. पाळी आली की एक पत्ता ओढायचा, हवा असल्यास एखादा मंत्र वापरायचा, फासा टाकायचा आणि पटावर पुढे सरकायचे. मोकळ्या जमिनीवर प्राणी ठेवला की ती आपली होते, आणि जादूशक्ती, म्हणजे या खेळातले चलन, खर्च करून तिची पातळी पाचपर्यंत वाढवता येते. हातातील शक्ती आणि जमिनींचे मोल मिळून त्या पटासाठी ठरलेला आकडा गाठून जो प्रथम किल्ल्यावर परततो, तो जिंकतो.

खरी गोडी मात्र या नियमांच्या गुंतागुंतीत आहे. अग्नी, जल, पृथ्वी आणि वायू या चार तत्त्वांच्या जमिनी पटावर पसरलेल्या असतात. प्राणी स्वतःच्या तत्त्वाच्या जमिनीवर उभा असेल, तर जमिनीच्या पातळीनुसार त्याचे बळ वाढते. शिवाय एकाच विभागातल्या एकाच तत्त्वाच्या अनेक जमिनी हाती आल्या की त्या सगळ्यांचेच मोल चढते. त्यामुळे दूरची दुबळी जमीन घ्यावी, की हातातली शक्ती राखून आपल्या तत्त्वाच्या जमिनीची वाट पाहावी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक फेरीत उभा राहतो. लढाईच्या वेळी दोन्ही बाजूंना शस्त्र, चिलखत यांसारखे वस्तूंचे पत्ते वापरता येतात, म्हणून आकड्यांनी दुबळा दिसणारा राखणदारही बलाढ्य प्राण्याला परत पाठवू शकतो. ‘होली वर्ड’ नावाचे मंत्र तर पुढच्या फाशाचा आकडाच ठरवून टाकतात. ते स्वतःवर वापरून धोक्याची जमीन ओलांडता येते, किंवा प्रतिस्पर्ध्याला नेमके आपल्या सर्वांत महाग जमिनीवर आणून उभे करता येते.

पटावर बसण्याआधी पुस्तक कसे रचले, यावर निम्मा खेळ ठरतो. प्राणी जास्त घेतले तर संरक्षण उरत नाही, आणि मंत्र जास्त घेतले तर जमिनी रिकाम्या राहतात. कोल्हापुरातल्या राजारामपुरीतील आमच्या मित्रमंडळात पुस्तकांवरची चर्चा प्रत्यक्ष खेळाइतकीच रंगते, आणि हरलेला गडी फाशांना दोष देण्याऐवजी कोणते चार पत्ते बदलावेत याचा विचार करत घरी जातो. मला या मालिकेची याहून मोठी प्रशंसा सुचत नाही.

उणिवाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. चौघांचा एक डाव दीड-दोन तास सहज चालतो, आणि मागे पडलेल्या खेळाडूला शेवटचा अर्धा तास फार जड जातो. कथा सगळ्याच भागांत पातळ आहे. ‘कल्डसेप्ट सागा’चे कथानक टो उबुकाता यांच्यासारख्या नामांकित लेखकाकडे सोपवूनही मनात राहतो तो पट, पात्रे नव्हेत.

कोणता भाग घ्यावा, हे आपल्याकडील यंत्रावर अवलंबून आहे. एकाच टीव्हीसमोर मित्रांसह बसायचे असेल, तर अमेरिकेत २००३ साली आलेली प्लेस्टेशन २ ची आवृत्ती मला आजही सर्वांत आवडते. एकट्याने शिकायचे असेल, तर निन्टेंडो ३डीएसवरील ‘कल्डसेप्ट रिव्होल्ट’ घ्यावा : जपानमध्ये २०१६ साली आणि इंग्रजीत २०१७ साली आलेल्या या भागात चारशेहून अधिक पत्ते आहेत, आणि ते खेळून मिळवलेल्या गुणांवर घेता येतात, वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. मात्र ३डीएसचे ऑनलाइन दुकान २०२३ च्या मार्चमध्ये बंद झाले आणि ऑनलाइन खेळ २०२४ च्या एप्रिलमध्ये थांबला. त्यामुळे आता खेळ साठवलेली जुनी कार्ट्रिजच शोधावी लागते. कोल्हापूरच्या दुकानांत ती मला कोठे दिसली नाही, म्हणून बाहेरून मागवताना एक दक्षता अवश्य घ्यावी : ३डीएसला प्रदेशाचे बंधन असते, आणि अमेरिकी कार्ट्रिज युरोपीय किंवा जपानी यंत्रावर चालत नाही. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडून कार्ट्रिज आणि यंत्र या दोन्हींचा प्रदेश लेखी विचारून घ्यावा.