कोडनुसार भरून मिळणारा स्प्रे कॅन: आरशाच्या आवरणावर उत्तम, बंपरवर बेताचा

आमची चंदेरी वॅगन आर दहा वर्षांची झाली असून, सोसायटीच्या अरुंद फाटकाने तिच्या दोन्ही आरशांची आवरणे आणि मागच्या बंपरचा डावा कोपरा आळीपाळीने खरवडून काढला आहे. गॅरेजमध्ये एका पॅनेलच्या रंगकामाला दोन-तीन हजार रुपये सहज जातात आणि तळहाताएवढ्या आवरणालाही बहुतेक ठिकाणी पॅनेलच्या आसपासचाच भाव सांगतात. म्हणून या वेळी मी पुण्याच्या नाना पेठेतल्या, गाड्यांचे रंग विकणाऱ्या एका दुकानातून गाडीच्या कंपनीने त्या छटेला दिलेल्या कोडनुसार रंग तयार करून तो ४०० मिलीच्या स्प्रे कॅनमध्ये भरून घेतला. या कॅनवर कोणत्याही ब्रँडचे नाव नसते. हाताने लिहिलेला कोड आणि तारीख एवढीच त्याची ओळख असते.

दुकानाची सेवा चांगली आहे, हे आधी सांगतो. नुसते ‘सिल्व्हर द्या’ म्हणून भागत नाही, कारण मारुतीच्याच चंदेरी छटा एकाहून अधिक आहेत. माझ्या गाडीची सिल्की सिल्व्हर, कोड झेड२एस. मी पेट्रोलच्या टाकीचे बाहेरचे झाकण उतरवून सोबत नेले होते. काउंटरवरच्या गृहस्थांनी ते आधी रबिंग कंपाउंडने (घासून चमक आणणाऱ्या लेपाने) घासून चकचकीत केले, मग मिसळलेल्या रंगाचा एक पट्टा पुठ्ठ्यावर मारून, वाळवून, उन्हात धरून पाहिला आणि रंगात किंचित फेरफार केला. मी कोड बरोबर असल्याची खात्री देऊ लागलो, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “साहेब, कोड कंपनीचा असतो, ऊन तुमचं असतं.” दहा वर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल याहून नेमके बोलता आले नसते.

रंग मारण्याच्या कामात प्रत्यक्ष कॅन हातात धरण्याचा वेळ फार थोडा असतो. माझा जवळजवळ सगळा रविवार घासण्यात गेला. ओरखड्यांच्या कडा आधी ४०० नंबरच्या आणि मग ६०० नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे पाणी लावून वापरायच्या घासकागदाने, अशा उतरवाव्या लागतात, की डोळे मिटून बोट फिरवले तर जुना रंग कुठे संपतो ते कळू नये. बोटाला जी कड लागते ती रंगाखाली हमखास दिसते; चंदेरी रंगात तर ती अधिकच उठून दिसते. मग प्रायमर, म्हणजे रंगाखालचे अस्तर, मारले आणि ते वाळल्यावर मी त्यावर दुरून काळ्या रंगाची हलकी फवारणी केली आणि ८०० नंबरचा पेपर मारला. जिथे काळे ठिपके तसेच राहिले तिथे खळगे होते, तिथे पुन्हा प्रायमरचा हात दिला. हे कंटाळवाणे काम टाळणाऱ्याने कॅनच्या दर्जाबद्दल तक्रार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाग कशाचा बनला आहे, हे त्याच्या आतल्या बाजूला कोरलेले असते. माझ्या आरशाच्या आवरणावर एबीएस असे होते आणि बंपरवर पीपी. एबीएसवर नीट पेपर मारला की प्रायमर धरतो, मात्र ते थिनरने पुसू नये, कारण थिनर त्या प्लॅस्टिकलाच मऊ करतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा प्रायमर टिकत नाही आणि प्लॅस्टिकसाठीचा वेगळा पारदर्शक प्रायमर आधी मारला नाही, तर काही महिन्यांत रंगाचा पापुद्रा नखाने निघतो. दुकानदाराने हा प्रायमर मी न विचारता समोर ठेवला, हे त्याच्या बाजूने नोंदवतो. शिवाय डॅशबोर्ड चमकवणाऱ्या सिलिकॉनच्या पॉलिशचा हात लागलेला फडका कामाच्या जवळपासही नको. त्याच्या अंशानेसुद्धा ताजा रंग जागोजागी मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे पडतात.

आता कॅनविषयी. धातूची चूर्णे तळाशी बसलेली असल्यामुळे आतली गोळी वाजू लागल्यानंतरही पूर्ण दोन मिनिटे कॅन हलवावा लागतो. २० ते २५ सेंटिमीटर अंतर राखून, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवायचा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. पुढचे दोन हात दहा-दहा मिनिटांच्या अंतराने द्यावेत. तोटीतून फवारा बारीक आणि एकसारखा येतो, पण कॅन निम्म्याहून रिकामा झाल्यावर ती अधूनमधून थुंकते. मी दर दोन पट्ट्यांनंतर तोटी पुसत राहिलो, तरी एका आवरणावर दोन ठिपके पडलेच. रंगाला पूर्ण गुण देत नाही, ते या तोटीमुळे.

चंदेरी रंगाची आणखी एक खोड आहे. जवळून ओला हात बसला की धातूचे कण खाली जाऊन छटा गडद होते आणि दुरून कोरडा हात बसला की ती उजळ दिसते. माझे डावे आवरण उजव्याहून किंचित गडद झाले आहे. सुदैवाने गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कोणाला दिसत नाहीत. (स्प्रे कॅनमधला पहिला रंगही चंदेरीच होता; अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये ॲल्युमिनियमचा रंग असा भरून दाखवला होता.)

पैसे कुठे वाचवू नयेत, तर क्लिअरमध्ये, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात. मागे पेट्रोलच्या टाकीच्या याच झाकणावर मी साधा एकघटकी क्लिअर मारला होता, तोही आषाढातल्या दमट दुपारी. एक तर त्यावर पांढुरकी झाक आली, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. दुसरे म्हणजे पेट्रोल भरताना सांडलेल्या थेंबांनी महिनाभरात त्यावर ओघळांचे मऊ, चिकट डाग पाडले. या वेळी कोरड्या जानेवारीत टूके, म्हणजे हार्डनर मिसळून घट्ट होणारा दोन घटकांचा क्लिअर वापरला. त्याच्या कॅनच्या बुडाशी एक बटण असते. ते दाबले की आतली हार्डनरची कुपी फुटते आणि तिथून पुढे तो एका दिवसात संपवावा लागतो, उरलेला आतच घट्ट होतो. साध्याच्या दुपटीहून अधिक पैसे मोजले, पण दोन आठवड्यांनी पेट्रोलमध्ये बुडवलेला फडका झाकणावर घासून पाहिला तेव्हा चमक हललीसुद्धा नाही. त्यातील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याने दमा जडू शकतो. म्हणून कापडी मास्कवर भागवू नये. वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि उघडी गच्ची एवढे हवेच, आणि धूळ बसावी म्हणून आधी जमिनीवर पाणी मारलेले असावे.

आवरणे आणि झाकण सुटे काढून रंगवता आली, त्यामुळे रंगाची सीमा भागाच्या कडेपाशीच संपली. बंपरचा कोपरा मात्र फसला. तिथे नवा रंग जुन्यात विरघळवायचा होता आणि कॅनच्या फवाऱ्यावर गॅरेजमधल्या स्प्रे गनसारखे नियंत्रण राहत नाही. टेपच्या रेषेपाशी राखाडी धुरकट पट्टा राहिला, तो २००० नंबरचा पेपर आणि कंपाउंड मारूनही गेला नाही. सुट्या, लहान भागांसाठी या कॅनला मी पाचपैकी चार गुण देईन, बंपरसाठी दीड. बंपर पुढच्या आठवड्यात गॅरेजला देतो आहे; नमुन्यासाठी तेच झाकण पुन्हा उतरवून ठेवले आहे.